अंजीर पिकायला वेळ लागतो

"पा…" अण्णा म्हणतात आणि अडतात. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, डाव्या हाताची बोटं हवेत काहीतरी शोधत असतात. पुन्हा "पा…". मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांशी नेते. ते दोन घोट घेतात, पेला बाजूला सारतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. सारा जन्म पुरंदर तालुक्यात अंजिराच्या बागेत गेला. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. समोरच्याचं सगळं समजतं, काय सांगायचं तेही मनात पक्कं असतं, फक्त शब्द हाताला लागत नाही. स्पीच थेरपीच्या ताईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "शब्द त्यांच्या तोंडात घालू नका. मनात दहा आकडे मोजा, मग बघा."

दहा आकडे मोजणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या आकड्यालाच माझी जीभ वळवळायला लागायची. कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या, ऑफिसचा फोन वाजत असायचा, आणि अण्णा एका अक्षरावर अडलेले. "धीर धर," सगळे म्हणायचे. धीर नेमका धरायचा कसा, हे कुणी सांगत नव्हतं. ते मला सापडलं दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्टोइक विचारवंतांकडे. त्यांच्यापैकी मला सगळ्यात जवळचा वाटला तो एक गुलाम.

आधी हे लोक कोण ते थोडक्यात सांगते. ख्रिस्तपूर्व ३०० च्या आसपास सायप्रस बेटावरच्या सिटियम गावचा झेनो नावाचा माणूस अथेन्समध्ये शिकवू लागला. तो व्यापारी होता, जहाज फुटल्यावर अथेन्सला आला आणि तत्त्वज्ञानाकडे वळला, अशी त्याची हकीकत सांगतात. चित्रांनी रंगवलेल्या एका लांब सार्वजनिक ओसरीत तो शिकवायचा. ग्रीकमध्ये अशा ओसरीला स्टोआ म्हणतात, म्हणून हे स्टोइक, ओसरीवरचे लोक. पुढे हा विचार रोमला गेला. तिथल्या तिघांचं लेखन आणि बोलणं आपल्यापर्यंत भरपूर पोचलं आहे: सम्राट नीरोचा शिक्षक आणि सल्लागार सेनेका, गुलामगिरीतून सुटून शिक्षक झालेला एपिक्टेटस, आणि इ.स. १६१ ते १८० या काळात रोमवर राज्य करणारा मार्कस ऑरेलियस. एक धनाढ्य मंत्री, एक पायाने अधू गुलाम आणि एक सम्राट. तिघांची परिस्थिती इतकी वेगळी असूनही ते एकच गोष्ट शिकवतात, म्हणून मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

स्टोइक म्हटलं की दगडी चेहऱ्याचा, कशानेही न हलणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा समज आधी बाजूला सारायला हवा, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं कळेल. औलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने समुद्रप्रवासातला एक प्रसंग लिहून ठेवला आहे. ग्रीसहून इटलीला जाताना रात्री भयंकर वादळ झालं. जहाजावर एक नावाजलेला स्टोइक शिक्षक होता. गेलियस मुद्दाम त्याच्याकडे बघत राहिला, तर त्याचाही चेहरा इतरांसारखाच पांढराफटक पडलेला. फरक एवढाच की तो रडत-ओरडत नव्हता. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारला, "तुम्ही तत्त्वज्ञ ना? मग घाबरलात कसे?" त्याला त्या शिक्षकाने वाटेला लावलं. नंतर गेलियसने तोच प्रश्न मनापासून विचारला, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून हातात दिला. तो भाग आज हरवला आहे, पण गेलियसने त्यातला हा मजकूर सांगून ठेवला म्हणून आपल्याला माहीत आहे. त्याचा अर्थ असा: ढगांचा गडगडाट किंवा अचानक आलेली वाईट बातमी यांनी शहाण्याच्याही काळजात क्षणभर धस्स होतं, चेहरा उतरतो. हे अंगाचं काम आहे, विचाराच्या आधी होऊन जातं. शहाणा आणि वेडा यांच्यातला फरक पुढच्या क्षणी सुरू होतो. वेडा मनावर उमटलेल्या त्या पहिल्या ठशाला "हो, हे खरंच भयंकर आहे" असं म्हणून मान डोलावतो. शहाणा डोलावत नाही.

स्टोइकांनी या मान डोलावण्याला नाव दिलं आहे, संमती. त्यांचं धैर्याचं सगळं शिक्षण या एका जागी येऊन टेकतं.

सेनेकाने रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात रागाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली आपोआप होते. अंगावर गार पाणी उडालं की शहारा येतो, कड्यावरून खाली पाहिलं की गरगरतं, तसं कुणी अपमान केला की आतून काहीतरी उसळतं. याला इलाज नाही आणि यात दोषही नाही. दुसऱ्या पायरीवर मनात एक वाक्य तयार होतं: "याने माझं वाईट केलं, याला धडा शिकवायलाच पाहिजे." इथे अजून लगाम आपल्या हातात असतो. वाक्य खोडता येतं. तिसऱ्या पायरीवर लगाम सुटतो, मग खरं-खोटं काही दिसत नाही, फक्त बदला दिसतो. कड्यावरून उडी घेतलेल्या माणसाला अर्ध्या वाटेत थांबता येत नाही, तसंच हे.

माझं सगळं बळ मी आजवर तिसऱ्या पायरीवर खर्च करत होते. राग पुरता चढला की दात-ओठ आवळायचे, गिळायचा, आणि त्याला संयम म्हणायचं. सेनेका सांगतो, काम दुसऱ्या पायरीवर करा. त्याचं वाक्य अगदी लहान आहे: रागावरचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे विलंब. त्याने प्लेटोची एक गोष्टही सांगितली आहे. प्लेटो एका गुलामावर चिडला आणि मारायला हात उगारला. तेवढ्यात आपण रागात आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने हात उगारलेला तसाच ठेवला. मित्र आत आला, त्याने विचारलं, हे काय चाललंय? प्लेटो म्हणाला, एका रागीट माणसाला शिक्षा करतोय. स्पीच थेरपीच्या ताईंचे दहा आकडे मला या हवेत थांबलेल्या हातासारखे वाटतात. त्या वेळात राग नाहीसा होत नाही, पण मनात कोणतं वाक्य तयार झालं आहे ते वाचायला सवड मिळते.

आणि ते वाक्य वाचलं की काय दिसतं? एपिक्टेटसची शिकवण त्याचा शिष्य एरियन याने टिपून ठेवली, त्यातून निघालेल्या एका छोट्या हातपुस्तिकेत एक प्रसिद्ध विधान आहे: माणसांना गोष्टी अस्वस्थ करत नाहीत, गोष्टींबद्दलची त्यांची मतं अस्वस्थ करतात. हे वाचून माझं पहिलं म्हणणं होतं, "बोलायला सोपं आहे." पण एका संध्याकाळी अण्णा अडलेले असताना मी दहा आकडे मोजले आणि स्वतःच्या डोक्यातलं वाक्य ऐकलं. ते होतं, "एवढ्यात यायलाच हवा होता शब्द." म्हणजे मला अण्णांचा राग येत नव्हता. मी मनात एक वेळापत्रक लिहिलं होतं आणि त्यांचा मेंदू ते पाळत नव्हता.

मराठीत हे फार नेमकं पकडता येतं, कारण आपल्याकडे 'च' आहे. "गाडी वेळेवर यायला हवी" ही इच्छा झाली. "गाडी वेळेवर यायलाच हवी" हा हुकूम झाला. "मुलाने ऐकलं पाहिजे" आणि "मुलाने ऐकलंच पाहिजे" यांच्यामध्ये एका अक्षराचं अंतर आहे, आणि रक्तदाब वाढतो तो त्या एका अक्षरावर. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हुकूम मोडला तर संताप येतो. विलंबाच्या त्या काही क्षणांत मी आता एवढंच करते, वाक्यात 'च' कुठे आहे ते शोधते.

हे निव्वळ पुस्तकी नाही. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचाराची जी पद्धत उभी केली, तिच्या पायाशी एपिक्टेटसचं हेच विधान आहे, आणि एलिस यांनी ते ऋण उघडपणे मान्य केलं होतं. घटना, घटनेबद्दलचा समज आणि त्यातून उठणारी भावना, अशी त्यांची मांडणी. महाराष्ट्रात आणि भारतात ही पद्धत रुजवली ती मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. म्हणजे मराठी घरांत कुणी समुपदेशकाकडून "हे असंच व्हायला पाहिजे, हा तुमचा हट्ट तपासून बघा" असं ऐकून घरी आलं असेल, तर ते निकोपोलिसच्या त्या शिक्षकाचंच, एपिक्टेटसचंच बोलणं लांबची वाट चालून आलेलं असतं.

निकोपोलिसचं सांगायला हवं. एपिक्टेटस जन्मला हायरापोलिसला, आजच्या तुर्कस्तानातल्या पामुक्कलेजवळ. रोममध्ये तो नीरोच्या एका बड्या अधिकाऱ्याचा गुलाम होता, आणि तो अधिकारी स्वतःही एकेकाळचा गुलाम. पुढे एपिक्टेटस मुक्त झाला, शिकवू लागला, तेव्हा सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलून दिलं. एपिक्टेटस ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोपोलिसला गेला आणि तिथे शाळा चालवली. ज्याचं शरीरही कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचं होतं, त्याने माणसाच्या हातात काय असतं आणि काय नसतं याची यादी केली, हे विसरून ती यादी वाचू नये. हातात असतं: आपलं मत, आपला प्रयत्न, आपल्याला काय हवं-नको ते. हातात नसतं: शरीर, मालमत्ता, लोकांत असलेलं नाव, पद. शरीर त्याने दुसऱ्या रकान्यात टाकलं आहे. अण्णांच्या उजव्या हाताकडे बघताना मला ते पटतं.

त्याच्या शिकवणीतलं मला रोज उपयोगी पडणारं उदाहरण सार्वजनिक स्नानगृहाचं आहे. रोमन लोक घरी क्वचितच अंघोळ करायचे, मोठ्या सार्वजनिक हमामखान्यात जायचे. एपिक्टेटस म्हणतो, तिथे जायच्या आधी तिथे काय होतं ते आठव. लोक पाणी उडवतात, ढकलतात, शिव्या देतात, कपडे चोरतात. म्हणून निघतानाच स्वतःला सांग: मला अंघोळ करायची आहे आणि माझं मन ठिकाणावर ठेवायचं आहे. मग काही झालं की म्हणता येईल, मी नुसत्या अंघोळीसाठी आलो नव्हतो, दुसरंही एक काम होतं, आणि चिडलो तर ते दुसरं काम बिघडेल.

अण्णांना आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं. लिफ्ट बंद असते. चिठ्ठीवरचा नंबर आणि पुकारलेला नंबर यांचा मेळ नसतो. कुणीतरी ओळख काढून आत घुसतं. पहिले दोन महिने मी दर वेळी नव्याने भडकायचे, जणू हे पहिल्यांदाच घडतंय. आता चाकाची खुर्ची जिन्यातून उतरवण्याआधी दारातच उभी राहून मनात म्हणते: अण्णांचा व्यायाम करून घ्यायचा आहे, आणि माणूसपण सांभाळून परत यायचं आहे. लिफ्ट बंद दिसली की चक्क हलकं वाटतं, कारण ती यादीत होतीच. सेनेकाचंही निरीक्षण असंच आहे. अनपेक्षित गोष्ट आपल्याला अन्याय वाटते, म्हणून ती जास्त झोंबते.

मार्कस ऑरेलियस हीच तालीम सकाळी करायचा. त्याने स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं लिहिली, त्यातली काही डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर युद्धाच्या छावणीत. दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला तो स्वतःला सांगतो, आज मला नाक खुपसणारी, कृतघ्न, उद्धट, कपटी, मत्सरी माणसं भेटणार आहेत. पण तो तिथे थांबत नाही, आणि अनेकजण नेमकं पुढचं विसरतात. तो म्हणतो, ती अशी वागतात कारण बरं काय नि वाईट काय हे त्यांना उमगलेलं नाही, आणि ती माझीच भावंडं आहेत. आपण दोन पाय, दोन हात, पापण्या, वरखालच्या दातांच्या ओळी यांच्यासारखे एकमेकांच्या जोडीने काम करायला जन्मलो आहोत. म्हणजे ही तालीम लोकांबद्दल मन कडू करण्यासाठी नाही. नंबर पुकारणाऱ्या त्या मुलाला सकाळपासून किती जणांनी झापलं असेल, याचा विचार मनात यायला जागा व्हावी, यासाठी आहे.

मार्कसचं आणखी एक टिपण आमच्या स्वयंपाकघरात हमखास आठवतं. काकडी कडू निघाली? टाकून दे. वाटेत काटेरी झुडूप आहे? वळसा घाल. एवढं पुरेसं आहे, "जगात असल्या गोष्टी असतातच कशाला?" हे पुढे जोडू नकोस.

सुरुवात कशाने करायची? एपिक्टेटस म्हणतो, अगदी क्षुल्लक गोष्टींनी. तेल सांडलं, थोडी दारू चोरीला गेली, तर म्हण, मनःशांतीची ही किंमत आहे आणि फुकट काही मिळत नाही. मी हे वाहनांच्या हॉर्नपासून, सांडलेल्या दुधापासून, अर्ध्यात तुटणाऱ्या फोनपासून सुरू केलं. मोठ्या दुःखावर एकदम हा विचार लादू नये असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या घरात कालच कुणी गेलं त्याला "गोष्टी दुखवत नाहीत, मतं दुखवतात" हे ऐकवणं क्रूरपणा आहे. एपिक्टेटस स्वतः सांगतो की शोक करणाऱ्याच्या दुःखात शब्दांनी सामील हो, गरज पडली तर त्याच्याबरोबर उसासाही टाक.

आता एक आक्षेप, जो बाई म्हणून मला फार आतून जाणवतो. आपल्याकडे धीर आणि सोसणं यांची गाठ मारलेली आहे, आणि सोसायचं बहुतेक वेळा बायकांनी. मग हे तत्त्वज्ञान म्हणजे "गप्प बस, सहन कर" याचंच ग्रीक रूप आहे का?

नाही. एपिक्टेटस ज्याचं कौतुक करतो त्या हेल्विडियस प्रिस्कसची गोष्ट बघा. तो रोमच्या सिनेटचा सभासद. सम्राट वेस्पेशियनने त्याला निरोप दिला, सभेला येऊ नकोस. तो म्हणाला, माझं सभासदत्व काढून घेणं तुमच्या हातात आहे, पण आहे तोवर मला आलंच पाहिजे. सम्राट म्हणाला, ये, पण गप्प बस. मला मत विचारू नका, गप्प बसेन. पण मला विचारावं लागतं. मग मला योग्य वाटेल ते बोलावं लागतं. बोललास तर ठार करीन. मी अमर आहे असं कधी म्हणालो होतो? तुमचं काम तुम्ही करा, माझं मी करतो. पुढे त्याला हद्दपार केलं आणि मारलं. या माणसाचा आवाज चढलेला नाही, आणि तो तसूभर मागेही हटलेला नाही. लक्षात घ्या, "आलंच पाहिजे" मध्ये त्याचाही 'च' आहे, पण तो स्वतःच्या कर्तव्यावर लावलेला आहे, दुसऱ्याच्या वागण्यावर नाही. घरात मार खाणाऱ्या बाईने शांत राहून तो खात राहावा, हे स्टोइक धैर्य नव्हे. शांत डोक्याने दार उघडून बाहेर पडणं, तक्रार नोंदवणं, हे आहे. मी स्वतः दवाखान्यातल्या बंद लिफ्टबद्दल तीनदा लेखी तक्रार दिली आहे. पहिल्या वेळी ओरडले होते, तेव्हा समोरचा फक्त माझा आवाज ऐकत होता. तिसऱ्या वेळी कागदावर तारखा होत्या.

सवय लागायला किती दिवस लागतात, याचं एपिक्टेटसने दिलेलं माप मला आवडतं. तो म्हणतो, दिवस मोज. आधी रोज चिडायचो, मग एकाआड एक दिवस, मग दोन दिवसांआड, मग तीन. सलग तीस दिवस न चिडता गेले तर देवाला नैवेद्य दाखव. कालनिर्णयवर मी पेन्सिलीने ठिपके देते. सलग नऊ दिवस हा माझा आजवरचा सर्वांत लांब पल्ला आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. ठिपका द्यायची वेळ रात्रीची. सेनेकाही दिवा मालवल्यावर, बायकोही त्याची सवय ओळखून बोलायची थांबल्यावर, आपला अख्खा दिवस तपासायचा. त्या वादात फार तोडून बोललास. त्याला समजवायच्या ऐवजी दुखावलंस. आणि शेवटी स्वतःला सांगायचा, पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ केलं. ही माफी रोज द्यायची, हे मला त्याच्याकडून शिकायला मिळालं. नाहीतर दिवसभर अण्णांवर चिडायचं आणि रात्रभर स्वतःवर, असं माझं चाललं होतं.

आणि अंजीर. एका प्रवचनात कुणीतरी एपिक्टेटसला विचारतो, भाऊ माझ्यावर चिडलेला आहे, काय करू? बोलता बोलता एपिक्टेटस म्हणतो, कोणतीही मोठी गोष्ट अचानक होत नाही, द्राक्षाचा घड किंवा अंजीरसुद्धा नाही. तू आत्ता मला म्हणालास की अंजीर हवं, तर मी सांगेन, वेळ लागेल. आधी झाड फुलू दे, मग फळ धरू दे, मग पिकू दे.

हे मी अण्णांना वाचून दाखवलं. "फुलू दे" या शब्दांवर त्यांनी डावा हात उचलून नाही नाही अशी खूण केली आणि हसले. मला उमगायला वेळ लागला. अंजीर उंबराच्याच कुळातलं. त्याचं फूल कधी दिसत नाही, ते फळाच्या आतच असतं. बाहेरून बघणाऱ्याला महिनोन्‌महिने काही होतंय असं वाटतच नाही. आणि कच्चं तोडून आढीत घालावं तर आंब्यासारखं ते पिकतही नाही. झाडावर जेवढं पिकलं तेवढंच.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी चारचा सुमार, बाहेर अंधारून आलेलं. अण्णा खिडकीशी. "पा…" माझा हात सवयीने पेल्याकडे गेला आणि मी तो तिथेच धरून ठेवला. एक, दोन, तीन. अण्णांची बोटं काचेवर. सहा, सात. "पा…" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आभाळाकडे. नऊ, दहा. मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.

"पा… ऊस," अण्णा म्हणाले. मग कितीतरी वेळाने, "फ… फळ."

मिठ्या बहाराची, उन्हाळ्यात पिकणारी फळं झाडावर होती. पाऊस लागला तर अंजीर तडकतं. मी गावाकडे काकांना फोन लावला आणि तो अण्णांच्या कानाशी धरला.